विटांवरचा पलंग आणि पंचवीस मिलिमीटर

पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या खोलीत असा डोक्याकडे उतरता पलंग दिसला, की शेजारणी काही विचारत नसत. त्या घरातल्या सुनेला दिवस गेलेत, आधी एकदा-दोनदा टिकलेलं नाही आणि या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सक्त आडवं राहायला सांगितलंय, एवढं सगळं त्या विटांवरून कळायचं. मग चौकातल्या बोलण्याचा आवाज आपोआप खाली यायचा. मुलांना लाकडी जिन्यावर धावू दिलं जात नसे. ज्यांच्या घरी काही चांगलंचुंगलं झालं असेल, त्यांच्याकडून एक झाकलेली वाटी वर यायची.

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात १९७१ साली असा पलंग थोरल्या जाऊबाईंचा, म्हणजे वहिनींचा होता. मी त्या घरात नवी होते. वहिनींची आधीची दोन गरोदरपणं पाचव्या महिन्यातच संपली होती. दोन्ही वेळा फारशा कळा नव्हत्या, अंगावरून जाणं नव्हतं. ओटीपोट जड वाटलं, पाणी गेलं आणि तासाभरात सगळं आटोपलं. घरानं दोन्ही वेळा आपापल्या परीनं कारण काढलं होतं. पहिल्या वेळी त्या मंडईतून भरलेली पिशवी घेऊन चालत आल्या होत्या, दुसऱ्या वेळी रिक्षा खड्ड्यात आदळली होती. बाई गेलेल्या बाळाचं कारण स्वतःच्या वागण्यात शोधत राहते आणि आजूबाजूचे तिला त्यात मदत करतात. त्या काळावर माझा कितीही जीव असला, तरी ही गोष्ट मला आजही सलते.

तिसऱ्या खेपेला घरानं सगळ्या वाटा एकदम धरल्या. वैद्यबुवांचा गर्भपाल रस आणि शतावरी कल्प सुरू झाला. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्याही सुरू झाल्या. गेस्टॅनिन, डुव्हाडिलान ही नावं त्या आणि पुढच्या दशकांत पुण्यातल्या किती बायकांच्या उशाखालच्या चिठ्ठ्यांवर असतील, याची गणती नाही. पपई घरात बंद. वहिनींचा संकष्टीचा उपवास सासूबाईंनी स्वतःकडे घेतला. तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात चोरओटी भरली, पण टोपडं-कुंची शिवायला कुणी घेईना. आधीच्या वेळी हौसेनं शिवलेली तशीच ट्रंकेत होती. तुळशीबागेतून जाताना सासूबाई लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानांकडे मान वळवत नसत.

आणि दर गुरुवारी इंजेक्शन.

दोन गल्ल्या पलीकडच्या प्रसूतिगृहातल्या सिस्टर चालत यायच्या. स्टीलच्या चपट्या डब्यात काचेची सिरिंज, सुया आणि चिमटा. डबा आमच्याच स्टोव्हवर उकळायचा. औषध तेलातलं, त्यामुळे दाट. सिस्टर ती काचेची कुपी आधी तळहातांत धरून कोमट करत, मग जाड सुईनं ओढून घेत आणि वहिनींच्या कमरेखाली अगदी सावकाश सोडत. घाईनं दिलं तर गाठ होते, म्हणायच्या. गाठ तरीही व्हायचीच. दुसऱ्या दिवशी मी मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची. इंजेक्शन झालं की त्या पलंगाच्या कडेला बसत. झोप लागते का, कंबर भरून येते का, पाणी गेल्यासारखं वाटलं का, हे सगळं विचारत. पाचवा महिना सरल्यावर ॲल्युमिनियमचं नळकांडं पोटावर टेकवून त्या कान लावत आणि मग मलाही ऐकू देत. मला पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही, पण मी मान डोलावली, कारण वहिनी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. चहा पिऊन सिस्टर उठायच्या, तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच हिशेब असायचा: अजून एक आठवडा पदरात पडला.

त्या तेलात होतं काय, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. 'गर्भ टिकण्याचं इंजेक्शन' एवढंच. आज कळतं की ते प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं प्रयोगशाळेत घडवलेलं एक रूप होतं. शरीर हे संप्रेरक स्वतःच बनवतं: गरोदरपणाच्या पहिल्या आठवड्यांत बीजकोशातला एक छोटासा पिवळा पिंड आणि पुढे वार. गर्भाशय म्हणजे एक मोठा स्नायू. नऊ महिने त्यानं आकसू नये, निवांत राहावं, हे काम प्रोजेस्टेरॉन बघतं. १९२९ मध्ये अमेरिकेत रोचेस्टरला जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन या दोघांनी सशिणींवर ते दाखवलं होतं. बीजकोश काढले की गर्भ जातो, त्याच पिंडाचा अर्क टोचत राहिलं की टिकतो. १९३४ मध्ये हा पदार्थ शुद्ध रूपात हाती आला, पण मिळायचा अगदी थेंबभर आणि सोन्याच्या मोलाचा. तो स्वस्त झाला रसेल मार्कर या रसायनतज्ज्ञामुळे. १९४० च्या दशकात त्यानं मेक्सिकोतल्या रानकंदापासून प्रोजेस्टेरॉन बनवायची वाट काढली. हा कंद आपल्या कोनफळाचा, कारंद्याचा भाईबंद. मात्र कोनफळ खाऊन पोटात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. कंदातल्या द्रव्यावर कारखान्यात एकामागून एक रासायनिक क्रिया कराव्या लागतात आणि आपल्या शरीराला त्या जमत नाहीत. तेलात विरघळवून आठवडाभर टिकणारं रूप पुढे आलं, अमेरिकेत १९५६ मध्ये त्याला परवानगी मिळाली, आणि प्रोल्युटॉन डेपोसारख्या नावांनी ते आपल्याकडच्या प्रसूतिगृहांच्या कपाटांत रुजलं.

त्यामागचा विचार किती सरळ होता! जो स्राव गर्भ टिकवतो, तोच बाहेरून दिला तर डळमळीत गर्भ टिकेल. डॉक्टरांना हे पटलं, आम्हालाही पटलं. ज्या बाईची दोन बाळं गेली, तिला काहीतरी देणं आणि काहीच न देणं यांत कोणता डॉक्टर दुसरं निवडेल? त्या डॉक्टरीणबाईंना मी आज एका शब्दानंही दोष देणार नाही. त्यांच्याकडे होतं ते सगळं त्यांनी दिलं.

त्यांनी आणखीही एक गोष्ट केली, आणि तिच्याबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण ती आपल्या माणसाची आहे. चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला वहिनींच्या गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला गेला. हा टाका जगभर ज्या नावानं ओळखला जातो ते नाव आहे शिरोडकर. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोड्याला जन्मले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, इंग्लंडहून एफआरसीएस होऊन परतले आणि मुंबईतच त्यांनी काम केलं. चौथ्या-पाचव्या महिन्यात फारशा कळा न येता गर्भ निसटणाऱ्या बायकांकडे त्यांनी बारकाईनं पाहिलं. दोष गर्भात नसावा, संप्रेरकातही नसावा. पिशवीचं तोंडच दुबळं असून वाढतं वजन पेलत नसावं, असं त्यांच्या लक्षात आलं. मग त्या बाईच्याच मांडीतल्या स्नायूवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून ती त्यांनी तोंडाभोवती आतून आवळून बांधली. १९५५ मध्ये मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या वैद्यकीय मासिकात त्यांनी ही पद्धत मांडली. पुढे पट्टीच्या जागी धागा आणि फीत आली, मेलबर्नच्या इयान मॅक्डोनाल्डनं १९५७ मध्ये सोपा प्रकार काढला, पण मूळ विचार आजही तोच आहे. शिरोडकरांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्याच वर्षी ते गेले. आमच्या घरात मात्र त्यांचं नाव वर्तमानपत्रातून आलं नव्हतं, ते डॉक्टरीणबाईंच्या तोंडून आलं होतं. सासूबाई पुढे कित्येक वर्षं देवाला नमस्कार करताना 'त्या शिरोडकर डॉक्टरांचं भलं कर' म्हणत. ते हयात नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनींना नवव्या महिन्यात मुलगी झाली. टाका काढल्यावर आठवड्याभरात, रात्री, रीतसर कळा येऊन. पुतणीच्या बारशाला वाड्यात पेढे वाटले, आणि मग सुरू झालं ते आजवर संपलेलं नाही: कशानं टिकलं? वैद्यबुवा म्हणाले, माझ्या रसानं. सासूबाईंचा भरवसा दत्तावर. सासरे विटांचं माहात्म्य सांगत. वहिनी स्वतः म्हणायच्या, 'गुरुवारच्या इंजेक्शनानं. ते दुखायचं ना, म्हणजे काम करत असणार.' टाक्याला कौल देणारी मी एकटी होते, तेही पुढे वाचायला लागल्यावर. खरं उत्तर मिळण्याची सोयच नव्हती, कारण सगळं एकाच वेळी केलं होतं आणि एकाच बाईवर केलं होतं.

याच १९७१ सालात, आमच्याकडे गुरुवार मोजले जात असताना, बॉस्टनहून एक भयंकर बातमी आली. आमच्यापर्यंत ती अर्थातच पोचली नाही. १९३८ मध्ये लंडनला तयार झालेलं डीईएस, म्हणजे स्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन, अमेरिकेत गर्भ टिकावा म्हणून लाखो बायकांना दिलं गेलं होतं. त्यांच्या मुली वयात आल्यावर त्यांतल्या काहींना योनिमार्गाचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग होत असल्याचं तिथल्या डॉक्टरांना आढळलं. याहून चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. हे औषध गर्भ टिकवत नाही, हे शिकागोत सोळाशेवर बायकांवरच्या चाचणीत १९५३ मध्येच दिसलं होतं. तरी ते आणखी अठरा वर्षं चिठ्ठीवर लिहिलं जात राहिलं. डॉक्टरांची नियत चांगली होती, बायकांची आस खरी होती, आणि या दोहोंच्या मध्ये मोजमाप पडून राहिलं.

आपल्याकडे याची एक वेगळी आवृत्ती घडली. दिवस गेलेत की पाळी नुसती लांबली, हे ठरवायला तेव्हा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन एकत्र असलेल्या जादा ताकदीच्या गोळ्या दिल्या जात. पाळी आली तर दिवस नाहीत, नाही आली तर आहेत. गर्भाला व्यंग येण्याची भीती असूनही या गोळ्या दुकानांत सहज मिळत, आणि नको असलेला गर्भ पाडायलाही बायका त्या घेत. त्यासाठी त्यांचा उपयोग नव्हता. या गोळ्यांविरुद्ध ऐंशीच्या दशकात स्त्री-संघटना आणि आरोग्य-कार्यकर्ते उभे राहिले. पुण्यातली लोकविज्ञान संघटना आणि मेडिको फ्रेंड सर्कलचे डॉक्टर त्यांत होते. सरकारनं बंदी घालायची, कंपन्यांनी न्यायालयात जायचं, असं चालत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, जाहीर सुनावण्या झाल्या आणि १९८८ मध्ये बंदी आली. औषधाबद्दल प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरचा अपमान असं मानणाऱ्या पिढीतली मी. संप्रेरकांबद्दल सामान्य माणसानंही जाब विचारायचा असतो, हे मला या मोहिमेनं शिकवलं.

आणि ज्यांचं टिकत नसे, पण जन्म घेण्याइतपत पुढे यायचं, त्यांचं काय? सातव्यातलं वाचतं, आठव्यातलं वाचत नाही, असं आमच्या लहानपणी म्हाताऱ्या बायका छातीठोकपणे सांगत. ते साफ चूक आहे. बाळ पोटात जितकं अधिक राहील तितकं बरं. अपुऱ्या दिवसांचं मूल कापसात गुंडाळून, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून, आईचं दूध बोंडल्यानं थेंब थेंब पाजून जगवलेलं मी पाहिलंय. न जगलेलंही पाहिलंय. पुढे 'बाळ पेटीत ठेवलंय' हे वाक्य पुण्यात कानावर पडू लागलं. रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये तिथे आल्या तेव्हा चाळीस खाटांचं होतं. त्यांच्या हयातीत ते केवढं वाढलं, हे जुन्या पुणेकरांना सांगायला नको. तिथल्या नवजात अतिदक्षता विभागातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत माग ठेवला. किती चिकाटीचं काम! घरं बदलली, शाळा बदलल्या, पण ही मुलं तपासायला येत राहिली. बहुतेकांची बुद्धी सर्वसाधारण निघाली, मात्र अपुऱ्या दिवसांची असून शिवाय गर्भातच वाढ खुंटलेली मुलं मागे पडली. बाळ पेटीतून घरी आलं म्हणजे गोष्ट संपली, असं आम्ही समजत होतो. ती पुढे शाळेच्या बाकापर्यंत चालू राहते, हे पुण्यातल्याच मुलांनी दाखवून दिलं.

आता आजचं. त्या पुतणीची मुलगी बाणेरला राहते. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. पहिलंच. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला गेली, आतून तपासणी झाली आणि पडद्यावर दोन खुणांमध्ये एक रेघ ओढून तिथल्या डॉक्टरांनी आकडा सांगितला: पिशवीच्या तोंडाची लांबी १९ मिलिमीटर. या सुमाराला ती बहुतेक बायकांत तीस-चाळीसच्या आसपास असते; पंचवीसच्या खाली गेली की वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढतो. तिला काही दुखत नव्हतं, काही जाणवत नव्हतं. वहिनींच्या बाबतीत जे समजायला दोन बाळं जावी लागली, ते हिच्या बाबतीत एकही न जाता एका रेघेनं दाखवलं. शिरोडकरांनी बोटांनी आणि अनुभवानं ओळखलेली गोष्ट आज पडद्यावर मोजता येते. मी त्या दिवशी घरी बसून रडले, आणि ते दुःखाचं नव्हतं.

तिला टाका घातला नाही. रोज रात्री प्रोजेस्टेरॉनची २०० मिलिग्रॅमची मऊ कॅप्सूल योनिमार्गातून ठेवायला सांगितली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायला बोलावलं. चालायला मुभा, घरून काम करायला मुभा. बातमी ऐकताच वहिनींनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, 'विटा ठेवल्यास का गं?'

'आजी, विटा आता ठेवत नाहीत. झोपून राहू नका म्हणालेत डॉक्टर.'

'झोपून राहू नको? आणि इंजेक्शन?'

'ते नाही दिलं.'

वहिनी गप्प झाल्या. त्यांना वाटलं, मुलीकडे दुर्लक्ष होतंय. मग मी त्यांच्याकडे जाऊन, चष्मा लावून, वाचलेलं सगळं त्यांना सांगितलं. ते इथंही सांगते.

कॅप्सूलची कथा अशी. २००७ मध्ये लंडनच्या प्रा. किप्रोस निकोलाइडिस यांच्या गटानं चोवीस हजारांहून अधिक गरोदर बायकांच्या पिशवीच्या तोंडाची लांबी मोजली. ज्यांची १५ मिलिमीटर किंवा कमी निघाली त्यांतल्या २५० जणी तयार झाल्या. निम्म्यांना रोज २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल. चौतीस आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्यांचं प्रमाण रिकाम्या कॅप्सूलच्या गटात ३४.४ टक्के, औषधाच्या गटात १९.२ टक्के. २०११ मध्ये दहा ते वीस मिलिमीटरच्या बायकांना जेल देऊन अशीच चाचणी झाली. तिथेही तेहेतीस आठवड्यांच्या आतल्या प्रसूती जवळजवळ निम्म्यानं घटल्या. म्हणजे औषध सगळ्यांना नाही, मोजून निवडलेल्या बायकांना. जुळी असतील तर इतका भरवसा धरता येत नाही, आणि कळा सुरू झाल्यावर त्या थांबवायला त्याचा उपयोग नाही.

इंजेक्शनची कथा कठीण आहे आणि ती वहिनींना सांगताना माझा आवाज अडखळला. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीनं त्या जुन्या तेलातल्या इंजेक्शनाला जणू पुनर्जन्म दिला होता. आधी वेळेपूर्वी बाळंत झालेल्या बायकांना दर आठवड्याला २५० मिलिग्रॅम दिल्यावर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ५४.९ वरून ३६.३ टक्क्यांवर आलं. २०११ मध्ये तिथे 'मकेना' नावानं त्याला परवानगी मिळाली आणि जे पंधरा-वीस डॉलरला मिळायचं त्याची किंमत दीड हजार डॉलर लावली गेली. बरीच ओरड झाल्यावर ती उतरली. पण परवानगी देताना पुन्हा चाचणीची अट होती. सुमारे सतराशे बायकांवरची ती मोठी चाचणी २०१९ मध्ये जाहीर झाली. इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत काहीही फरक नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेनं औषध मागे घेतलं. २०२४ मध्ये युरोपच्या औषध संस्थेनंही ते थांबवायला सांगितलं. त्यामागे फायदा नसणं तर होतंच, शिवाय साठच्या दशकात आईच्या पोटात असताना हे औषध लागलेल्या मुलांना पुढे कर्करोगाचा धोका थोडा अधिक असू शकेल, अशी कॅलिफोर्नियातल्या अभ्यासातून आलेली शंकाही होती. ती सिद्ध झालेली नाही, पण पुसूनही टाकता आलेली नाही. विटा आणि सक्तीचा पलंग यांचाही फायदा अभ्यासांत दिसला नाही. उलट पायांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो.

वहिनी हे सगळं ऐकत होत्या. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे. बराच वेळ त्यांनी काही विचारलं नाही. मग म्हणाल्या, 'म्हणजे सिस्टर उगाच येत होत्या?'

उगाच नाही, असं मी ठामपणे म्हणाले आणि आजही म्हणते. औषधाचा निकाल मी मानते, पूर्ण मानते. पण त्या इंजेक्शनाबरोबर घरात एक शिकलेली बाई दर आठवड्याला येत होती. ती पोटाला हात लावत होती, पाय सुजलेत का बघत होती, काय बघायचं ते सासूला आणि जावेला शिकवत होती. भीतीचा अख्खा आठवडा त्या अर्ध्या तासात कुणाशी तरी बोलता येत होता. बाणेरच्या सातव्या मजल्यावर माझी नात औषध योग्य घेते, मोजून घेते, पण तिच्या दाराशी गुरुवारी कुणी येत नाही. तपासणीला जावं तर तीन तास जातात, त्यात डॉक्टरांसमोरची मिनिटं मोजकी. रात्री काही वाटलं तर ती मोबाइलवर शोधते आणि अधिक घाबरते. नवरा प्रेमळ आहे, स्वयंपाकही करतो, पण त्यालाही हे सारं नवं. खेड्यात निदान आशाताई दारात येतात; शहरातल्या इमारतींत ती जागा रिकामी आहे. औषध सुधारताना ही भेट आपण औषधाबरोबरच टाकून दिली, हे मला योग्य वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तितक्याच कळकळीनं सांगायला हवी. मोजल्याशिवाय देण्याची सवय आपल्याकडून गेलेली नाही, तिनं फक्त रूप बदललंय. आज पुण्यात ओळखीच्या घरांत बघते, घरच्या तपासणीत दोन रेघा उमटल्या की पुढच्या आठवड्यात सस्टेन नाहीतर डुफास्टॉन असं प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध सुरू झालेलं असतं. ना आधी कधी गर्भ गेलेला, ना अंगावर जातंय. कुणी विचारलं तर उत्तर मिळतं, 'आधारासाठी.' २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्राव होणाऱ्या चार हजारांवर बायकांवर चाचणी झाली. सरसकट बघता प्रोजेस्टेरॉनचा ठळक फायदा दिसला नाही. ज्यांचे आधी गर्भपात झाले होते त्यांना मात्र उपयोग होताना दिसला. तेव्हा ज्या बाईला गरज आहे तिला हे औषध न कचरता द्यावं, आणि जिला नाही तिला 'तुला काही लागत नाही' हे सांगण्याइतका वेळ तिच्यासाठी काढावा. माझ्या नातीनं तिच्या डॉक्टरांना विचारलं होतं, 'हे मला का, आणि कधीपर्यंत?' त्यांनी आकडा दाखवला, आलेख काढून समजावलं, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत घ्यायचं म्हणून लिहून दिलं. असा प्रश्न विचारायची हिंमत १९७१ मध्ये आमच्यात कुणाकडेच नव्हती.

तिचं बाळंतपण अडतिसाव्या आठवड्यात झालं. मुलगा, पावणेतीन किलो. कॅप्सूलनं झालं, की तसंही झालं असतं? एका बाईवरून हे तेव्हाही सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. पण आज शेकडो बायकांवरून सांगता येतं, आणि त्या शेकडो अनोळखी बायकांनी रिकामी कॅप्सूलही वाट्याला येऊ शकते हे माहीत असून चाचणीत नाव घातलं, याबद्दल मला त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

२०२० मध्ये भारतात तीस लाखांच्या आसपास बाळं वेळेआधी जन्मली, जगातल्या अशा बाळांपैकी पाचव्या हिश्शाहून जास्त. त्यांच्या आया बहुतेक बाणेरच्या नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञांचा जागतिक महासंघ २०१५ पासून सांगतोय की पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत प्रत्येक बाईच्या पिशवीच्या तोंडाची लांबी मोजावी. त्याला वेगळं यंत्र लागत नाही. शिकलेला हात आणि पाच मिनिटं लागतात. वाघोलीहून, सासवडहून एसटीनं ससूनला येणाऱ्या, मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात सकाळपासून रांगेत बसणाऱ्या बाईलाही ती पाच मिनिटं मिळावीत. आकडा तिच्या कार्डावर लिहिला जावा, तो पंचवीसच्या खाली असेल तर कॅप्सूल तिथल्याच खिडकीवर फुकट मिळावी, आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी तिच्या घरी जाऊन ती कशी आहे ते विचारावं.